बसायला जागा, यायला निमित्त

वाचकाचे पत्र: मी मालवण तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावात राहते. डोंबिवलीत मी 14 वर्षे पोळीभाजी केंद्र चालवले. यजमानांची कंपनी बंद पडल्यावर दोन वर्षांपूर्वी आम्ही गावी आलो. घर चिऱ्याचे, जुने. पुढे मोठे खळे, म्हणजे अंगण, आणि बाजूला मांगर, म्हणजे सामान ठेवायची वेगळी खोपी. गावात पुरुषांना बसायला देवळाचा सभामंडप आहे, चहाची टपरी आहे. बायकांना मात्र चार घटका बसून बोलायला जागा नाही. खळ्यात सकाळी पेज, घावणे आणि चहा, दुपारी जेवण मिळेल, पर्यटक येतील आणि गावातल्या बायका व म्हातारी माणसेही येऊन बसतील, अशी जागा मला करायची आहे. दीर म्हणतात, घर सामायिक आहे, इथे हॉटेल नको. शेजारणी म्हणतात, गावच्या माणसांकडून पेजेचे पैसे कसे घेणार? स्वयंपाकाला मी बौद्धवाडीतील एका ताईंना घ्यायचे ठरवले आहे, त्यावरूनही कुजबुज चालू आहे. मी धंदा करू की समाजकार्य? आणि सुरुवात कुठून करू?

प्रिय ताई,

बायकांना बसायला जागा नाही, हे तुमच्या पत्रातील वाक्य खरे आहे, पण मला ते अपुरे वाटते. आपल्याकडच्या बाईला जागेची उणीव आहेच. त्याहून मोठी अडचण अशी, की तिला नुसते बसण्याची मुभा नाही. दुपारी भांडी आवरून ती कुणाच्या पडवीत टेकली, की घरचे माणूस विचारते, "काय काम होते तिथे?" या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर असेल, तरच ती दुसऱ्या दिवशी येते. पूर्वी विहीर होती, व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, धुणे होते, गिरणीत दळणाची रांग होती. त्या निमित्तांनी बायका भेटत आणि बोलत. नळ दारात आला, त्याने डोक्यावरचा हंडा उतरला ही फार चांगली गोष्ट झाली, पण त्याबरोबर रोजचे भेटणेही गेले. महिलांसाठी म्हणून मुद्दाम बांधलेली, खुर्च्या आणि वर्तमानपत्रे ठेवलेली खोली वर्षाच्या आत कुलपात गेल्याचे मी एका गावात पाहिले आहे. तिथे बसण्याची सोय चोख होती. येण्याचे कारण मात्र कुणी दिले नव्हते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की "बसायला या" असे आमंत्रण देऊ नका, "हात लावायला या" असे द्या. फाल्गुन-चैत्रात ओले काजूगर काढायचे असतात. त्या चिकाने बोटांची साले निघतात, म्हणून हाताला खोबरेल किंवा राख लावून चार बायका गोल करून बसतात आणि काम संपेपर्यंत गावातील अर्ध्या घरांची ख्यालीखुशाली कळून जाते. त्यानंतर कोकम येते. फळे फोडायची, साले उन्हात घालायची, मिठाच्या रसाची पुटे द्यायची, पुन्हा वाळवायची. हे काम एका दिवसात उरकणारे नाही आणि ज्या घरी एकटी म्हातारी आहे तिथे तर ते होतच नाही, रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, झाडाखाली कुजून जातात. याच दिवसांत वर्षाचा मसाला भाजून कुटायचा असतो, आंबोशी घालायची असते, फणसाचे पापड लाटायचे असतात. यांतले बहुतेक काम प्रत्येक घरी एकटीने, पाठ मोडेपर्यंत केले जाते. तुमच्या खळ्यात मोठी कढई, एक चांगली भट्टी, लाटायला आठ-दहा पोळपाट, वाळवणाला जाळीची मांडणी आणि मिरच्या भाजताना ठसका लागला तर बाजूला बसायला सावली एवढे असले, की बायका आपापला माल घेऊन येतील. घरी विचारले तर त्यांच्यापाशी उत्तर असेल: मसाला करायला गेले होते. तिथे चहा होईल, घावणे होतील, आणि ज्या बसण्याचे स्वप्न तुम्ही पाहता ते आपसूक होईल.

या कामाचे पैसे कसे ठरवायचे, ते मात्र पहिल्या दिवशीच स्पष्ट करा. स्वतःच्या घरचा माल घेऊन येणारीने भट्टीचे सरपण आणि जागा यांचे थोडे शुल्क द्यावे. तुमच्या खानावळीसाठी काजू सोलणारीला किंवा आमसुले करणारीला मात्र किलोप्रमाणे रोख मजुरी त्याच दिवशी हातात मिळावी. आपल्या गावांत "जरा मदतीला ये" या शब्दाखाली बायकांचे कितीतरी श्रम फुकट घेतले जातात, आणि हे घेणाऱ्या बहुतेक वेळा बायकाच असतात. तुमच्याकडून असे होऊ नये, असे मला मनापासून वाटते, कारण ज्या बाईला तुमच्या खळ्यातून संध्याकाळी 200 रुपये घेऊन घरी जाता येईल, तिला तिथे जाण्यापासून कुणी सहसा अडवणार नाही.

आता पेजेच्या पैशांचे. शेजारणींना वाटते, की शिजवलेल्या अन्नाचे पैसे गावच्या माणसाकडून घेणे हे आपल्या रीतीत बसत नाही. त्यांना दुखवू नका, पण आपल्याच मुलखाचा इतिहास त्यांना आठवून द्या. मुंबईच्या गिरणगावात राहणारे कोकणातले चाकरमानी वर्षानुवर्षे जेवले ते खानावळवाल्या बायकांच्या हातचे. एका खोलीत संसार, त्याच खोलीत वीस-पंचवीस गड्यांचे दोन वेळचे जेवण, महिनाअखेर पगार झाला की हिशेब; मधल्या दिवसांचा किराणा सावकाराच्या कर्जावर. कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी 1975 साली याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना सावकाराच्या दारातून बँकेच्या दारात नेले. गावी येणारी मनीऑर्डर त्या ताटावर उभी होती. त्या बायकांनी पैसे घेतले म्हणून त्यांच्या अन्नातील माया कमी झाली, असे त्या चाकरमान्यांपैकी कुणी म्हटल्याचे मी ऐकले नाही.

तरीही शेजारणींच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट आहे. पर्यटकाच्या थाळीचा दर आणि गावच्या पेजेचा दर एकच ठेवता येणार नाही. सुरमईची थाळी बाहेरून आलेल्या माणसाला पूर्ण दराने द्या आणि त्यात संकोच बाळगू नका. सकाळची पेज, सोबत भाजी किंवा सुक्या जवळ्याची चटणी, हे गावासाठी खर्चाला भिडेल एवढ्याच दराने ठेवा. पण फुकट नको. फुकट खाणारा माणूस दुसऱ्यांदा यायला लाजतो, आणि तिसऱ्यांदा ज्याला लाज वाटत नाही तोच तेवढा येतो. ज्याच्यापाशी खरेच पैसे नाहीत, त्याच्यासाठी तुमच्यापुरती एक वही ठेवा आणि ती कुणाला दाखवू नका.

तुम्ही विचारता, धंदा की समाजकार्य. माझे म्हणणे असे, की दोन्ही करा, पण दोन वह्यांत. एका वहीत थाळ्या, घावणे, मसाला, आमसुले यांची विक्री आणि त्यांचा सगळा खर्च. त्या खर्चात तुमचा स्वतःचा पगारही लिहा, मग तो पहिल्या वर्षी 5 हजारच का असेना. दुसऱ्या वहीत स्वस्त पेज, म्हाताऱ्यांचा चहा, बायकांच्या बैठकीचा खर्च. पहिल्या वहीत जे उरेल, त्यातला ठरावीक भाग दुसरीत घाला आणि तो संपला की थांबा. एक चांगली खानावळ तिसऱ्या वर्षी बंद पडताना मी जवळून पाहिली. चालवणाऱ्या बाईच्या हाताला चव होती, गिऱ्हाईक होते, पण पाहुण्यारावळ्यांचे जेवण, मंडळाच्या मुलांचा चहा आणि उधारी हे सारे एकाच गल्ल्यातून जात होते, आणि आपण किती कमावतो हे तिला शेवटपर्यंत कळले नाही. तुम्ही डोंबिवलीत 14 वर्षे हिशेब ठेवला आहे. गावी आल्यावर नात्याच्या भिडेने ती सवय मोडू देऊ नका.

उत्पन्नाचा पाया म्हणून पर्यटकांवर विसंबू नका, असे मी आग्रहाने सांगेन. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत ते येतात, त्यातही शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांत. मृग लागला की खळे रिकामे होते. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा ताजी मासळी थोडी आणि महाग मिळते. तुमच्याच बायका त्या दिवसांत लावणीच्या चिखलात असतात; त्यांनाही बसायला सवड नसते. या चार महिन्यांत चूल कशावर पेटती ठेवायची, याचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे. तुम्ही लिहिले आहे, की गावात म्हातारी माणसे येऊन बसतील. किती घरांत अशी दोन म्हातारी माणसे उरली आहेत आणि मुले मुंबई-पुण्यात आहेत, ते एकदा वाडीवाडीने मोजा. त्यांना डबा हवा आहे, आणि त्याचे पैसे द्यायला मुले तयार असतात, कारण आई पावसात चुलीशी वाकते आहे ही टोचणी त्यांना दूर राहून अधिक लागते.

समजा 20 डबे आहेत, एका डब्याचे 70 रुपये आणि महिन्याचे 26 दिवस. हे 36,400 रुपये झाले. शिधा, गॅस, पोहोचवणे यांत साधारण निम्मे, म्हणजे 18,200 रुपये जातील असे धरा. अर्ध्या दिवसासाठी दोन बायकांना रोज 250 रुपयांप्रमाणे दिले तर 13,000 रुपये. उरले 5,200 रुपये. यात तुमचे घर चालणार नाही, पण तुमचा तोच 5 हजारांचा पगार निघेल, मदतनीस टिकतील आणि पावसात खानावळ बंद करून दसऱ्याला नव्याने माणसे शोधण्याची वेळ येणार नाही. खरी कमाई पुढे हंगामात थाळी, मसाला आणि आमसुले करतील. लावणीच्या दिवसांत शेतावर न्याहारी पोहोचवण्याचे कामही त्याच चुलीवर होईल. पावसातील जेवण साधे ठेवा: कुळथाची पिठी, टाकळ्याची किंवा कुर्डूची भाजी, अळू, आठळ्या घातलेली उसळ, सुके बांगडे. म्हाताऱ्या माणसांना तेच रुचते, आणि पावसात चुकून आलेल्या पर्यटकालाही तेच अपूर्वाईचे वाटेल.

बौद्धवाडीतील ताईंच्या बाबतीत तुम्ही सल्ला विचारलेला नाही, फक्त कुजबूज कळवली आहे. तरी मी त्यावर लिहिणार आहे, कारण तुमची जागा कुणाची होणार ते इथेच ठरेल. आपल्या या कोकणातच सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांनाही खुले करावेत, या रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या 1923 च्या ठरावानंतर महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे 1924 साली जाहीर केले होते. कागदावर तळे खुले होते. प्रत्यक्षात पाणी प्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह 20 मार्च 1927 रोजी तिथे चालत जावे लागले. तुमच्या खळ्यावर "सर्वांसाठी" असा फलक लावून ते सर्वांचे होणार नाही. त्या ताईंना भांडी घासायला किंवा मागच्या दारी भाजी निवडायला न ठेवता चुलीशी, पुढे, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी उभे करा आणि पंगतीत तुम्ही त्यांच्या शेजारी बसून जेवा. कुणाला समजावत बसू नका, भांडूही नका. काही घरे पहिले सहा महिने येणार नाहीत. तेवढी तूट सोसण्याची तयारी ठेवा आणि ती पहिल्या वहीत आधीच धरा. कुजबुजीपुढे वाकून तुम्ही त्यांना मागे सारलेत, तर बौद्धवाडीतील एकही बाई तुमच्याकडे पापड लाटायला येणार नाही, आणि तिचे बरोबर असेल.

याच ओघात आणखी एक. संक्रांतीच्या सुमारास तुम्हाला खळ्यात हळदीकुंकू करण्याचा आग्रह होईल. करायचेच असेल तर विधवा बायकांना पहिल्या रांगेत बसवून करा, नाहीतर त्याऐवजी तिळगुळाची पंगत करा. तुमच्या गावातील ज्या बायकांना भेटण्याची सगळ्यांत जास्त गरज आहे, त्यांत नवरा गेलेल्या बायका पुष्कळ असतील.

परवान्यांचे थोडक्यात सांगते, कारण ते किचकट दिसले तरी कठीण नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 खाली नोंदणी किंवा परवाना घ्यावाच लागतो. छोट्या उलाढालीला नोंदणी पुरते आणि अर्ज ऑनलाइन होतो. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला घ्या. विहिरीचे पाणी तपासून घ्या. खाडीकाठी हे टाळू नका. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणे बेकायदा आहे, 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या. मासळी आणल्यापासून शिजेपर्यंत बर्फात राहील अशी पेटी ही पहिली खरेदी असू द्या, टेबलखुर्च्या नंतर. नवे बांधकाम मात्र काढू नका. समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत आणि खाडीकाठच्या ठरावीक पट्ट्यात सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात, आणि चिऱ्याचा नवा गाळा बांधून बसल्यावर नोटीस आली तर दाद मागणे अवघड जाते. मांगर आहे तो डागडुजी करून वापरा. कर्ज घ्यायचेच झाले तर महाराष्ट्र शासनाच्या पर्यटन विभागाचे 2023 चे "आई" हे महिलांसाठीचे धोरण पाहा; पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केलेल्या महिला उद्योजकांना 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देण्याची तरतूद त्यात आहे. पण माझे ऐकाल तर पहिले वर्ष कर्जावाचून, डबे आणि मसाल्यावर काढा.

सगळ्यात नाजूक गाठ दिरांची आहे आणि ती मी मुद्दाम शेवटी ठेवली. "हॉटेल नको" या त्यांच्या शब्दांमागे पैशाचा हव्यास आहे, असे चटकन मानू नका. मुंबईत वन-रूम-किचनमध्ये राहणाऱ्या माणसाला गावचे घर म्हणजे गणपतीचे मखर, माजघर, आईच्या हातची चूल. तिथे अनोळखी माणसे वावरतील, या कल्पनेने त्याला परके वाटते. तेव्हा घर आणि खानावळ यांच्यामध्ये तुम्हीच रेघ ओढा. मांगर, खळे आणि विहिरीकडची बाजू खानावळीची. ओटी, माजघर, देवघर घराचे. तिथे गिऱ्हाईक येणार नाही. गणपतीचे सगळे दिवस आणि शिमग्याला पालखी घरी येते तो दिवस खानावळ बंद. फक्त म्हाताऱ्यांचे डबे चालू राहतील. सामायिक जागा वापरता म्हणून सर्व हिस्सेदारांना वर्षाला काही रक्कम, थोडी का असेना, द्यायचे कबूल करा. घरपट्टी आणि कौले परतण्याचा खर्च खानावळीने उचलायचा, हेही त्यात येऊ द्या. हे सगळे कागदावर आणा. सातबारा, आठ-अ आणि घरपत्रकावर ज्यांची नावे आहेत, त्या प्रत्येकाची सही हवी, लग्न होऊन गेलेल्या नणंदांची धरून. त्यांचा हक्क आहे आणि त्यांना विचारले गेले याचा त्यांना आनंद होईल. तोंडी शब्दावर भट्टी बांधू नका. कराराचा मसुदा तालुक्याच्या वकिलाकडून करून त्याची रीतसर नोंदणी करा. तोंडी "हो" म्हटलेली माणसे पुढे बदलतात असे नाही, पण पिढी बदलते.

गणपतीला आता दोन महिने आहेत. सगळे हिस्सेदार एका छपराखाली येण्याचे वर्षातले तेच दिवस. तोवर मसुदा तयार ठेवा आणि वाडीतील डब्यांची मोजणी करून घ्या. चतुर्थीच्या धावपळीत विषय काढू नका, आणि परतीच्या गाडीच्या आदल्या रात्रीही नको. ऋषिपंचमीला कंदमुळांची भाजी तुम्ही करालच. ती मांगरातल्या चुलीवर करा, पंगत खळ्यात मांडा आणि दिरांना सांगा, की जागा ही, काम हे. जेवणे झाल्यावर नणंदांना सुपारी कातरायला बसवून कागद वाचायला घ्या, आणि पहिले वाचन दिरांनाच करू द्या.